सतराव्या लेव्हलचे मोजे

डिसेंबरच्या दुपारी बेकरीच्या काचेआड सांताचा पुठ्ठ्याचा मुखवटा टांगलेला असतो. लाल गाल, कापसाची दाढी आणि डोळ्यांच्या जागी दोन भोकं. खाली प्लम केकचे चौकोनी डबे रचलेले. गिऱ्हाईक केक बघतं, मुखवटा कुणी बघत नाही. बघितला तर लक्षात येतं की हा गृहस्थ आपल्यावर वर्षभर पाळत ठेवतो, चांगल्या-वाईट पोरांची यादी करतो आणि रात्री सगळे झोपले की घरात शिरतो. सणाच्या आतच एवढी भीती भरलेली असताना वेगळा भुताचा वाडा कशाला शोधायचा?

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांवर चालणारा, पात्रं वठवत गोष्ट रचायचा खेळ. तो खेळणाऱ्याचं डोकं इथून पुढे आपोआप चालायला लागतं. नाताळचा वन-शॉट. एका बैठकीत सुरू, त्याच बैठकीत खलास. भयकथा, पण वात्रट. आणि पात्रं सतराव्या लेव्हलची, म्हणजे ताकदीच्या खूप वरच्या पायरीवरची, कारण नेहमीच्या मोहिमा तिथवर पोचतच नाहीत. कुणाची नोकरी बदलते, कुणाचं लग्न होतं, कुणी बंगळुरूला जातं आणि डाव सहाव्या-सातव्या लेव्हलवर थिजतो. वर्षातून एक रात्र तरी नवव्या लेव्हलचा स्पेल (मंत्रांच्या लेव्हल वेगळ्या, नववी सर्वांत वरची) हातात यावा, इतकीच माफक अपेक्षा.

सणाच्या रात्री भयाचा डाव मांडायची रीत या खेळात जुनीच आहे. ट्रेसी आणि लॉरा हिकमन हे जोडपं दर हॅलोविनला मित्रांना घेऊन व्हॅम्पायरच्या किल्ल्याचा डाव खेळायचं. त्यातूनच 1983 साली रेवनलॉफ्ट हे साहसाचं पुस्तक छापून आलं. पण तिथली पात्रं मर्त्य होती, पडली तर मरायची. सतराव्या लेव्हलच्या माणसाला घाबरवणं हे वेगळंच कर्मकठीण काम. क्लेरिकने, म्हणजे पुरोहित-पात्राने, सकाळी ‘हीरोज फीस्ट’ हा मेजवानीचा मंत्र वाढला की बारा जणांना चोवीस तास भय लागत नाही, विषही बाधत नाही. खर्च हजार सुवर्णमुद्रांचं एक रत्नजडित भांडं. या लेव्हलला तो चहापाण्याचा खर्च. पॅलडिनच्या (धर्मवीराच्या) दहा फुटांत उभं राहणाऱ्याला तसंही घाबरता येत नाही. रोगचं, म्हणजे चोर-पात्राचं, तर विचारूच नका. ज्या कामात तो तरबेज आहे त्यात फाशावर नऊ किंवा त्याखाली काहीही पडलं तरी दहा धरायचे. लपण्याचा बोनस सतरा. म्हणजे किमान 27, झोपेतसुद्धा. (हे सगळे 2014 च्या पाचव्या आवृत्तीचे आकडे. 2024 च्या सुधारित पुस्तकात काही बदलले आहेत. टेबलावर कुठलं पुस्तक चालणार ते आधी ठरवा, नाहीतर पहिला तास वकिलीत जातो.)

तेव्हा नियमातली भीती विसरायची. ‘फ्राइटन्ड’ हा शब्द डावात उच्चारायचाच नाही. या मंडळींना ड्रॅगनचं भय नाही, मरणाचं नाही, कारण मेलेल्याला परत आणायची सोय खिशात आहे. घरगुती गोष्टींपुढे मात्र ते उघडे पडतात. दार. चमचा. मोजे. आणि कुणाच्या तरी आईचं ‘तू यंदा कसा वागलास?’ हे विचारणं.

म्हणून माझं मत आइसलँडला. क्रॅम्पस हा नाताळचा शिंगवाला राक्षस आता फार झाला. ऑस्ट्रियातल्या डोंगरांतून निघून तो टी-शर्टांवर येऊन बसला आहे. आइसलँडच्या नाताळात अख्खं कुटुंब आहे. ग्रीला नावाची राक्षसीण, वाईट पोरांना कढईत शिजवणारी. तिचा आळशी नवरा लेप्पालुदी, जो गुहेतून उठत नाही. त्यांची तेरा पोरं, 12 डिसेंबरपासून रोज एक या हिशेबाने गावात उतरणारी: एक दारं आपटतो, एक खिडकीतून डोकावतो, एक लाकडी चमचे चाटतो, एक सॉसेज पळवतो, एक लांब नाकाने दारं हुंगतो, शेवटचा मेणबत्त्या चोरतो. मुलं खिडकीत बूट ठेवतात. चांगल्या मुलाला खाऊ, वाईट मुलाला बटाटा. आणि या सगळ्यांचं मांजर. घराएवढं. नाताळला ज्याला नवा कपडा मिळाला नाही त्याला ते खातं. लोकरीचं काम सणाआधी उरकावं म्हणून लोकांनी ही धमकी रचली असं सांगतात.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. पहाटे अभ्यंगस्नान केलं नाही तर नरकात जाशील, हे थंडीत कुडकुडणाऱ्या पोराला सांगणारी माणसं आपण. पायाच्या टाचेखाली कारीट फुटतं, कडवट बी जिभेला लावायची, आणि दिवे लागलेल्या अंगणात आनंदीआनंद. गोव्यात तर त्याच्या आदल्या रात्री गल्लोगल्ली नरकासुर उभे असतात, दात विचकून, आणि उजाडायच्या आत जळतात. नरकासुरावरही झकास वन-शॉट होईल. अडचण एकच, खेळाडूंना पहाटे चारला जमवणं इच्छा पुरवणाऱ्या ‘विश’ स्पेललाही झेपायचं नाही.

असो. वेळ चार तास धरा. खेळाडू चार, फार तर पाच. सहावा आला तर त्याला लेप्पालुदी करा आणि झोपवा. सतराव्या लेव्हलला एकेकाची पाळी चार-पाच मिनिटं खाते, म्हणजे राक्षसांसकट एक फेरी जवळजवळ अर्ध्या तासाची. तीन फेऱ्यांची लढाई दीड तास. म्हणून मोठी लढाई एकच, आणि तीही तिसऱ्या फेरीत संपेल अशी बेतायची. बाकीचा वेळ बर्फातलं गाव, आजीबाईंचं घर आणि मांजर.

कॅरेक्टर शीट खेळाडूंवर सोडू नये. घरून करून आणा म्हटलं की एक जण तीन पुस्तकांतून काढलेला राक्षस आणतो आणि दुसरा रिकामा कागद. पाच पात्रं आपणच करावीत, प्रत्येकाला एकच पान, आणि त्यावर जास्तीत जास्त सहा स्पेल. सतराव्या लेव्हलच्या विझार्डची (जादूगाराची) पूर्ण यादी दिली तर तो वाचत बसतो आणि बाकीचे चिवडा संपवतात. पानाच्या तळाशी दोन ओळी हव्यात: लहानपणी हा सणाला कसा वागला, आणि त्याला काय हवं होतं जे मिळालं नाही. खरी दारूगोळ्याची कोठी तीच.

शक्तीला आळा कसा घालायचा, इथे बहुतेक डीएम (डंजन मास्टर, डाव चालवणारा) चुकतात. ‘या गावात टेलिपोर्ट चालत नाही, उडता येत नाही, विश चालत नाही’ असं आरंभीच जाहीर केलं की लोकांचे चेहरे पडतात. सतरावी लेव्हल दिली कशाला मग? माझा हट्ट असा की प्रत्येक ताकद पहिल्यांदा पूर्ण चालू द्यायची, दणक्यात. दुसऱ्यांदा वापरली की ग्रीलाचं एकेक पोरगं हजर. टेलिपोर्ट म्हणजे शेवटी दारच. दार आपटणारा ते अर्ध्यात आपटतो आणि विझार्डचा डावा बूट पलीकडेच राहतो. अदृश्य झालेल्याला हुंग्या वासावरून हुडकतो. लांबच्या जागा बघायचा मंत्र टाकला की खिडकीतला पोरगा पलीकडून डोकावतो आणि हात हलवतो. आगीचे स्पेल मेणबत्तीचोर खातो, ढेकर देतो, नुकसान अर्धं. रोगचे 27 कुठेही हिरावायचे नाहीत. तो लपतो, कुणालाही दिसत नाही, फक्त त्याच्या खिशातले सॉसेज गेलेले असतात.

तेराही पोरांना इनिशिएटिव्हमध्ये, म्हणजे पाळ्यांच्या क्रमात, घालण्याचा मोह आवरा. तेरा नावं, तेरांचे हिट पॉइंट (जीव किती उरला त्याचे आकडे), अर्ध्या तासात वही भरते आणि डोकं रिकामं होतं. सहा पोरं पुरे. त्यांची पाळी एकच: इनिशिएटिव्ह 20 वर, लेअर अ‍ॅक्शन म्हणून, दर फेरीला त्या जागेतर्फे एक खोडी. मरत नाहीत, पकडली की रडतात आणि आईला हाक मारतात. हाक ऐकू गेली की टेबल शांत होतं.

आता मांजर. मांजराला हिट पॉइंट देऊच नका. आकडा दिला की ही मंडळी तो शून्यावर आणतात; ‘मीटिअर स्वॉर्म’ हा उल्कांचा मंत्र म्हणजे चाळीस फासे, सरासरी 140, एक मैलावरून. (हे फासे खरंच टाकू देऊ नयेत. दहा-दहा सगळ्यांत वाटा, नाहीतर सरासरी धरा. बेरीज करताना भीती मरते.) मांजर जखमी होत नाही, मागे हटत नाही, फक्त वास घेतं. ज्याच्या अंगावर या सणाला दुसऱ्याने दिलेलं नवं काही नाही, त्याच्याकडे वळतं. जादूचं प्लस-थ्री चिलखत? जुनं. स्वतः विकत घेतलेला झगा? चालत नाही, तो कुणीतरी द्यायला हवा. खेळाडू आधी हसतात. मग आपापली शीट तपासतात. मग कुणीतरी विचारतं, ‘इथे लोकर मिळेल का?’ आणि दगडी घरात पाच महापराक्रमी वीर विणायला बसतात, छपरावर मांजराची पावलं वाजत असताना. विणकामाचा फासा प्रत्येकाला तीनदा, लक्ष्य 20. या कामाचं प्रशिक्षण कुणाच्याच शीटवर नको. ज्याने जगाचे तुकडे वाचवलेत त्याला टाच वळवता येत नाही.

इथे कुणीतरी ‘विश’ वापरतंच. नवव्या लेव्हलचा स्पेल, अख्ख्या खेळातला सर्वांत ताकदवान, आणि मागणी काय तर लोकरीचे मोजे, पाच जोड. द्यावेत. मोज्यांना तो धोक्याचा 33 टक्क्यांचा फासाही (विश कायमचा हातून जाण्याचा) लावू नये. हा क्षण मिळावा म्हणूनच सगळा खटाटोप. फक्त मोजे येतात ते नावाची चिठ्ठी लावलेल्या खोक्यातून, आणि चिठ्ठीवर अक्षर त्या पात्राच्या आईचं असतं.

ग्रीलाला मात्र आकडे हवेत. सतराव्या लेव्हलचे पाच जण फेरीला साधारण दोनशेचं नुकसान करतात, तेव्हा तीन फेऱ्यांसाठी सहाशे हिट पॉइंट, आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) 19. लेजंडरी रेझिस्टन्स (हुकलेला बचाव जमला असं धरायची सूट) तीन, लेजंडरी अ‍ॅक्शन तीन. एकटी उभी केली तर पाचांच्या पाळ्यांत तिचा भुगा होतो. तिच्या अ‍ॅक्शन इतरांच्या पाळीच्या शेवटी विखुरलेल्या असाव्यात, म्हणजे ती सतत हलत राहते. दोन सापळे ध्यानात ठेवा. ‘फोर्सकेज’ या पिंजऱ्याच्या मंत्राला सेव्ह (बचावाचा फासा) नसतो, त्यामुळे रेझिस्टन्स कामाचा नाही, ती पिंजऱ्यात बसूनही बोलू शकते, एवढी सोय करून ठेवा. आणि शंभर किंवा त्याखाली आली की ‘पॉवर वर्ड किल’ तिला एका शब्दात संपवतो. संपवू द्या. त्या खेळाडूने चार तास तो शब्द जपलेला असतो.

तिची अ‍ॅक्शन मारायची नसावी. ती एकेका पात्राला प्रश्न विचारते, शीटच्या तळाच्या त्या दोन ओळींमधून. खोटं बोललं तर कढईकडे दहा फूट ओढलं जाणं. खरं बोललं तर एक बटाटा हातात. बटाटे खरेच आणा, कच्चे, मध्यम आकाराचे, किलोभर पुरतात. थर्मोकोलचे चालत नाहीत. हातात थंड, माती लागलेला बटाटा पडला की सतराव्या लेव्हलचा माणूस सहा वर्षांचा होतो. पार्श्वसंगीत मात्र नको. दर खोलीला वेगळा ट्रॅक लावणारा डीएम मोबाइलवर वाकलेला राहतो आणि खेळाडूंचे चेहरे बघायचे राहून जातात. दिवे मंद करा, पण शीट वाचता येईल इतकेच.

आणि कढईचं काय, हे बसण्याआधी विचारून घ्या. पोरं शिजवणारी बाई कागदावर गमतीची असते. टेबलावर एखादा असा असतो ज्याच्या घरी गेल्या महिन्यात बाळ आलंय, किंवा यायचं होतं. काय नको ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहून द्यावं, नाव न घालता. मध्येच थांबावंसं वाटलं तर टेबलावरचं एक कार्ड उचलायचं, कारण कुणी विचारायचं नाही. 1746 साली आइसलँडात असा हुकूमच निघाला होता, डेन्मार्कच्या राज्यात: पोरांना या राक्षसांची भीती घालू नका. इतक्या लांबच्या, बर्फातल्या बेटावर आयाबापांना कागदावर बंदी करावी लागली, म्हणजे तिथली काही मुलं रात्रभर किती जागी राहत असतील.