मे महिन्यातले पाणी

पुरंदरच्या पठारावरील बहुतेक पाझर तलाव मे महिन्यात तळाला जातात आणि उरलेल्या डबक्याभोवतीच पाखरांची सारी वर्दळ एकवटते, म्हणून मी उजाडतानाच तिथे जाऊन बसतो. ऊन चढू लागले की पखुर्ड्या पाण्यावर उतरतात. पिल्ले असतील तर नर पोटाची पिसे भिजवून त्यांच्यासाठी पाणी घेऊन जातो. हे किती विलक्षण आहे!

परवा शेजारच्या नांगरलेल्या शेतात माळटिटवीची चार अंडी ढेकळांत अशी मिसळून गेली होती, की उचललेले पाऊल मी जागीच थांबवले. भर उन्हात टिटवी अंड्यांवर उभी राहून सावली धरते, त्यामुळे छायाचित्रासाठी तिला हुसकावणे म्हणजे अंडी भाजू देणेच होय. मी पन्नास पावले मागे सरलो, तेव्हा ती थबकत, मान वळवून पाहत परतली.