दोन पांढऱ्या तारा आणि पंचवीसची मर्यादा

गुडघेदुखीमुळे वडिलांना जळगावात पिंप्राळ्याहून मेहरूण तलावापर्यंत फिरायला जाणे जमेनासे झाले, म्हणून गेल्या दिवाळीत मी त्यांच्यासाठी बॅटरीवर चालणारी लहान स्कूटर घेतली. दुकानाच्या फलकावर ‘लायसन नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको’ असे ठळक लिहिलेले होते, आणि ‘काई लागत नही भाऊ, लई जा बिनधास्त,’ असे म्हणत विक्रेत्याने चावी हातात ठेवली. वडिलांचा परवाना संपून तीन वर्षे झाली होती. त्यामुळे आम्हीही फार खोलात शिरलो नाही, हे कबूल केले पाहिजे.

दोन महिन्यांनी इच्छादेवी चौकाजवळ वाहतूक पोलिसांनी त्यांना थांबवले. नंबरप्लेट नसलेली गाडी पेट्रोलच्या गाड्यांच्या बरोबरीने धावते आहे, एवढे हवालदाराला पुरेसे होते. कागद म्हणून वडिलांजवळ फक्त बिल होते. नोंदणीविना चालवलेले वाहन मोटार वाहन कायद्याच्या कलम २०७ खाली अडकवून ठेवता येते, त्यानुसार गाडी जमा झाली आणि वडील रिक्षाने घरी आले.

फलकावरचे वाक्य खोटे नव्हते, पण अर्धवट होते, हे नियम वाचल्यावर कळले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २ मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची व्याख्या आहे. तिच्यानुसार ज्या दुचाकीच्या मोटरची तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आहे, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपेक्षा जास्त नाही, ती कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहनच नाही. म्हणून तिला नोंदणी, विमा आणि परवाना लागत नाही. चढावर मोटर क्षणभर बराच जास्त जोर लावू शकते, म्हणून ती अर्धा तास सलग किती शक्ती देऊ शकते हेच मोजले जाते. हे मोजमाप दुकानदाराने करायचे नसून नियम १२६ मध्ये नेमलेल्या चाचणी संस्थांनी करायचे असते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही त्यांपैकीच एक.

तो चाचणी अहवाल मागायला मी दुकानात तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा मिळालेली झेरॉक्स भलत्याच मॉडेलची निघाली. अखेर उत्पादकाकडून ईमेलने प्रत आली, आणि तिच्यावरचे मॉडेलचे नाव गाडीच्या पट्टीवरील नावाशी अक्षर न् अक्षर जुळले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

परिवहन कार्यालयाच्या आवारात निरीक्षकांनी आधी गाडीची एक फेरी मारली आणि काटा ४२ वर गेलेला मला दाखवला. मग त्यांनी सीट उचलली. कंट्रोलरमधून, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या पेटीतून, निघालेल्या दोन पांढऱ्या तारांची टोके एकमेकांपासून सुटी लोंबकळत होती. त्यांनी अंगठ्याने त्यांचा जोड दाबून बसवला आणि पुन्हा फेरी मारली. या वेळी काटा २४ च्या पुढे सरकला नाही. ‘जोड सुटला की गाडी मोटार वाहन होते, आणि मग कलम ३ चा परवाना, कलम ३९ ची नोंदणी, कलम १४६ चा विमा, तिन्ही नाहीत,’ असे त्यांनी शांतपणे समजावले. गाडीत बेकायदा फेरफार करण्याबद्दल वेगळे कलम आहे, हेही सांगितले. मी तारांना हातही लावलेला नव्हता. पण रस्त्यावर जबाबदारी मालकाची असते, त्यामुळे दंड मीच भरला. अकराव्या दिवशी गाडी सुटली. विक्रेत्याला जाब विचारला तेव्हा ‘गिऱ्हाईकच स्पीड मागते,’ हे उत्तर मिळाले. मी मागितले नव्हते, एवढेच त्याला सुनावून आलो.

आता तो जोड रबरी नळीत पक्का बंद केला आहे आणि अहवालाची प्रत डिकीत असते. वडील मात्र हट्टाला पेटले आहेत. महामार्ग ओलांडताना पोलीस दिसला की धडधडते, म्हणून परवाना नव्याने करून घ्यायचाच, असे त्यांनी ठरवले. मुदत संपून एका वर्षाहून अधिक काळ लोटला असल्याने त्यांना पुन्हा वाहन चालवण्याची चाचणी द्यावी लागणार आहे. नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र डॉक्टरांनी भरून दिले आहे. अडचण एकच आहे. त्यांची स्वतःची स्कूटर कायद्याने मोटार वाहन नसल्याने ती चाचणीला चालणार नाही, म्हणून सध्या ते रोज संध्याकाळी माझ्या चुलतभावाची पेट्रोलची गाडी घेऊन मैदानात आठ आकडा काढण्याचा सराव करत आहेत.