डिझेलवर शहाणा होणारा मीटर

लहान उद्योगांना लागणारे तापमानाचे आणि पातळीचे कंट्रोलर बनवण्याचे काम मी भोसरीतल्या एका गाळ्यात गेली अनेक वर्षे करतो. त्यांपैकी एक कंट्रोलर संगमनेरच्या बाजूच्या एका दूध शीतकरण केंद्रावर, पाच हजार लिटरच्या बल्क कूलरवर बसवलेला होता. गावोगावहून कॅनमधून येणारे कोमट दूध टाकीत पडते, कॉम्प्रेसर चालू होतो, दूध ४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले की कंट्रोलरने कॉम्प्रेसर बंद करायचा, एवढेच त्याचे काम. सेन्सर टाकीवर आणि पॅनेल भिंतीवर, मध्ये सुमारे ३० मीटर तार. सेन्सरकडून येणारा संदेश शून्य ते ५ व्होल्ट, म्हणजे ५० अंशांच्या पल्ल्यात प्रत्येक अंशाला १०० मिलिव्होल्ट. एवढ्या लांबीला करंट लूपचा ट्रान्समीटर, म्हणजे संदेश व्होल्टेजऐवजी प्रवाहाने पाठवणारा भाग, वापरायला हवा होता, पण तो महाग पडत होता आणि गिऱ्हाईक घासाघीस करत होते, म्हणून मी व्होल्टेजवर भागवले. पुढे जे घडले त्याचे बीज तिथेच पडले होते.

कंट्रोलर बसवल्यानंतर महिनाभराने पहिली तक्रार आली. टाकीतले दूध स्थिर असतानाही आकडा दीड अंश वर आणि दीड अंश खाली असा संथपणे झुलत होता. मी गडबडीत होतो. फोनवरच तिथल्या वायरमनला सांगितले, की इनपुटच्या पिनवर जमिनीकडे, म्हणजे बोर्डाच्या ग्राउंडकडे, एक कपॅसिटर टाका, लाट बसेल. किती मायक्रोफॅरडचा, कोणत्या जातीचा, यांपैकी एकही शब्द मी उच्चारला नाही. लाट खरोखरच बसली आणि मी तो विषय विसरून गेलो.

एप्रिलमध्ये दुसरा फोन आला. "साहेब, मीटर एक अंश कमी दावतोय. मीटरवर चार असतंय अन् काडीवर पाच." काडी म्हणजे काचेचा प्रमाणित थर्मामीटर. टाकीत खरे तापमान ५ अंश असताना कंट्रोलर ४ समजून कॉम्प्रेसर बंद करत होता आणि ते दूध रात्रभर तसेच उभे राहत होते. या वेळी फोनवर भागणार नव्हते. पहाटे निघून साडेसातला मी केंद्रावर पोहोचलो, तेव्हा सकाळचे संकलन ऐन भरात होते.

पॅनेल उघडताच कारण समोर दिसले. माझ्या बोर्डाच्या हिरव्या पट्टीवर, दोन लांब पायांवर उभा केलेला, अंगठ्याएवढा जुना इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर होता, त्यावर ४७० मायक्रोफॅरड लिहिलेले. कुठल्याशा बंद पडलेल्या पॉवर सप्लायमधून काढलेला असावा, कारण त्याच्या पायांवर आधीचे सोल्डर तसेच होते. वायरमन काका शेजारीच उभे होते. "तुम्हीच म्हनला होता ना, कपॅसिटर टाका. म्हनलं मोठाच टाकू." त्यांना बोलायला मला तोंड नव्हते.

माझ्या बोर्डावर इनपुटच्या वाटेत संरक्षण म्हणून १०० किलोओहमचा रेझिस्टर आधीपासून होता. त्यापुढे जमिनीकडे कपॅसिटर आला की रेझिस्टर आणि कपॅसिटर मिळून आपोआप लो-पास फिल्टर, म्हणजे संथ बदल जाऊ देणारी आणि वेगवान बदल अडवणारी चाळणी, तयार होतो, मग तो कोणी ठरवून केलेला असो वा नसो. मल्टिमीटरने रेझिस्टरच्या दोन्ही बाजू मोजल्या. सेन्सरकडच्या टोकाला ५०० मिलिव्होल्ट होते, म्हणजे बरोबर ५ अंश, आणि कपॅसिटरकडच्या टोकाला ४००. हे १०० मिलिव्होल्ट रेझिस्टरवर पडत होते, याचा अर्थ त्यातून १ मायक्रोअँपिअर प्रवाह सतत वाहत होता. स्थिर व्होल्टेजला कपॅसिटरमधून प्रवाह वाहत नाही, असे आपण पुस्तकात वाचतो. पण इलेक्ट्रोलिटिकमधला अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर कधीच पूर्ण रोधक नसतो, आणि वर्षानुवर्षे बिनवापर पडलेल्या कपॅसिटरमध्ये तर तो आणखी खराब झालेला असतो. पॉवर सप्लायमध्ये एका मायक्रोअँपिअरकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. इथे मात्र त्याच्यासमोर १०० किलोओहम उभे होते, आणि त्या गुणाकारातून नेमका एक अंश हरवत होता. उष्णतेने ही गळती वाढते, त्यामुळे दुपारी पॅनेल तापले की फरकही वाढत असे, हे केंद्रचालकांनी आपल्या वहीत टिपून ठेवलेले होते.

मी तो कपॅसिटर काढला. आकडा ५ च्या आसपास आला आणि पहिल्या तक्रारीतली लाट परत सुरू झाली. ती मी स्वतः पहिल्यांदाच पाहत होतो. साडेतीन, चार, पाच, सहा, साडेसहा आणि पुन्हा उलट. घड्याळ लावले तर एक पूर्ण झोका सुमारे २० सेकंदांचा भरला. एवढ्या मोठ्या टाकीतल्या दुधाचे तापमान २० सेकंदांत तीन अंश वरखाली होणे शक्य नाही. शेजारच्या विजेच्या तारांतून सेन्सरच्या तारेत शिरणारा विजेचा खरखराट म्हणावा, तर तो सेकंदाला ५० वेळा हलतो, वीस सेकंदांतून एकदा नव्हे. शिवाय माझ्या प्रोग्रॅममध्ये शेवटच्या १६ नमुन्यांची सरासरी घेण्याची सोय होती आणि तिच्यावर माझा भरवसा होता.

सव्वानऊला लाइट गेली. जनरेटर सुरू झाला, कंट्रोलर पुन्हा जागा झाला आणि आकडा ५ वर थांबला. दशांशाचा आकडा तेवढा थरथरत होता, पण तो मोठा झोका नाहीसा झाला होता. काका सहज म्हणाले, "ते तसंच हाय. डिझेलवर घातलं की मीटर शहान्यासारखा वागतो." मला हे कोणी आधी सांगितले नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते. पहिला विचार असा आला की बाहेरून येणारी वीज अस्वच्छ असावी आणि जनरेटरची स्वच्छ. तो विचार चुकीचा होता. जनरेटरच्या पॅनेलवर फ्रिक्वेन्सी मीटर होता, त्यावर ५१.४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५१.४ आवर्तने, दिसत होते, कारण भार कमी असला की असे जनरेटर थोडे जोरात फिरतात. तो आकडा पाहिला आणि मी तिथेच एका रिकाम्या कॅनवर बसून कागदावर गणित मांडले.

माझा कंट्रोलर सेकंदाला १० नमुने घेतो, म्हणजे दर १०० मिलिसेकंदांनी एकदा डोळा उघडून व्होल्टेज पाहतो आणि मिटतो. ५० हर्ट्झच्या लाटेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. दोन नमुन्यांच्या मध्ये अशी नेमकी पाच आवर्तने बसतात, त्यामुळे दर वेळी डोळा उघडतो तेव्हा लाट त्याच जागी सापडते आणि ती हलते आहे हेच कळत नाही. पण आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी अगदी ५० ला खिळलेली नसते. ग्रिड कोडप्रमाणे ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायची असते आणि त्या पट्ट्यात ती दिवसभर सरकत राहते. समजा ती ४९.९५ आहे, तर दोन नमुन्यांच्या मध्ये पाचऐवजी ४.९९५ आवर्तने होतात. लाटेवरची जागा दर नमुन्याला आवर्तनाच्या दोनशेव्या भागाने मागे सरकते आणि २०० नमुन्यांनी, म्हणजेच २० सेकंदांनी, मूळ जागी येते. सिनेमात धावत्या गाडीचे चाक उलटे किंवा सावकाश फिरताना दिसते, त्यातलाच हा प्रकार. वीस सेकंदांचा तो झोका म्हणजे मुख्य विजेचाच खरखराट होता, वेष पालटून आलेला.

जनरेटरवर ५१.४ हर्ट्झचा खरखराट याच हिशेबाने सेकंदाला १.४ वेळा हलल्यासारखा दिसत होता. माझी सरासरी १.६ सेकंदांची, त्यामुळे त्यात दोनाहून अधिक झोके सामावून परस्पर कापले जात होते आणि उरलेला दहावा हिस्सा दशांशात थरथरत होता. तोच खरखराट ग्रिडवर २० सेकंदांचा होऊन आला की १.६ सेकंदांच्या सरासरीला त्याचे काहीच करता येत नव्हते, कारण तिच्या दृष्टीने तो तापमानातला खरा बदल होता. नमुना घेतल्यानंतर खरे काय आणि खोटे काय हे सांगणारी कोणतीही खूण आकड्यांमध्ये शिल्लक राहत नाही. जे गाळायचे ते नमुना घेण्यापूर्वी, तारेतच गाळायला हवे, आणि बोर्डावर न बसवता मी वाचवलेला दोन-तीन रुपयांचा कपॅसिटर नेमके तेच काम करणारा होता.

पॉलिटेक्निकमध्ये असताना सिग्नल जनरेटर आणि सीआरओ (लाटा पडद्यावर दाखवणारे यंत्र) लावून आर-सी, म्हणजे रेझिस्टर-कपॅसिटर, फिल्टरचा आलेख सेमीलॉग कागदावर मी काढलेला आहे आणि त्याला पूर्ण गुणही मिळवले आहेत. कटऑफ फ्रिक्वेन्सी म्हणजे एक भागिले दोन पाय (π) आर सी, तिथे आउटपुट ७०.७ टक्के, पुढे फ्रिक्वेन्सी दहापट झाली की आउटपुट दहावा भाग. हे सगळे पाठ होते. त्या आलेखामुळे मात्र एक गैरसमज डोक्यात बसतो, की कटऑफ ही एक भिंत आहे, अलीकडचे जाते आणि पलीकडचे अडते. प्रत्यक्षात तिथे भिंत नाही, फक्त उतार आहे, आणि तोही फार तीव्र नाही. त्यापेक्षा वेळेच्या भाषेत विचार केला तर हे घटक काय करतात ते अधिक स्पष्ट कळते. कपॅसिटर भरायला प्रवाह लागतो आणि रेझिस्टर तो प्रवाह तोलून सोडतो. दोन्ही टोकांतला फरक जितका मोठा तितका प्रवाह जास्त, म्हणून भरणे आधी भरभर आणि मग मंद होत जाते. आर आणि सी यांच्या गुणाकाराइतक्या वेळात फरकाचा ६३ टक्के भाग भरून निघतो, त्याच्या पाचपट वेळात ९९ टक्क्यांहून थोडा अधिक. आता गुणाकार ११० मिलिसेकंदांचा असला आणि येणारी लाट दर १० मिलिसेकंदांनी दिशा बदलत असली, तर कपॅसिटर वर चढायला जेमतेम सुरुवात करतो तोच त्याला उलटे फिरावे लागते. त्यामुळे तो मधल्या पातळीवरच घुटमळत राहतो, आणि आपल्याला हवी असते ती हीच पातळी.

११० मिलिसेकंद हा आकडा मी असाच घेतला नव्हता. पेटीत १ मायक्रोफॅरडचे पाच पॉलिस्टर कपॅसिटर सापडले, त्यांची गळती इलेक्ट्रोलिटिकच्या तुलनेत नगण्य असते. १०० किलोओहमसोबत त्यातला एकच लावला असता तरी १०० मिलिसेकंद झाले असते आणि कागदावर फिल्टर तोच राहिला असता. पण ज्या जागी रोज टाक्या धुतल्या जातात आणि हवेत कायम ओल असते, तिथे बोर्डावरच्या दमटपणातून किंवा मायक्रोकंट्रोलरच्या पिनमधून कधी तरी एखादा मायक्रोअँपिअर झिरपणारच, आणि १०० किलोओहमपुढे त्याची किंमत एक अंश असते हे मी तासाभरापूर्वीच पाहिले होते. दुसऱ्या टोकाला, १ किलोओहम घेतला तर १०० मायक्रोफॅरड लागतात, म्हणजे पुन्हा इलेक्ट्रोलिटिकच. मधला मार्ग म्हणून २२ किलोओहमचा रेझिस्टर घेतला आणि पाचही कपॅसिटर समांतर जोडले. कटऑफ दीड हर्ट्झच्या जरा खाली आला, म्हणजे ५० हर्ट्झचा खरखराट सुमारे ३५ पटींनी घटायला हवा.

सोल्डर करण्यापूर्वी तार पाहिली. तिचे शिल्ड, म्हणजे तारेभोवतीचे धातूचे आवरण, दोन्ही टोकांना अर्थिंगला जोडलेले होते, त्यामुळे दोन अर्थिंगमधल्या व्होल्टेजच्या फरकाने त्यातून प्रवाह खेळत होता. पॅनेलकडचे टोक तेवढे ठेवून टाकीकडचे सोडवले. तोवर लाइट परत आली होती आणि झोका दीड अंशावरून सहा दशांशांवर आल्याचे दिसले. कॉम्प्रेसरच्या केबलला चिकटून गेलेली तार उचलून दुसरीकडून नेणे त्या दिवशी शक्य नव्हते.

मग पाच कपॅसिटर शेजारी शेजारी आडवे ठेवले आणि त्यांचे एका बाजूचे पाय तांब्याच्या एका तारेवर आणि दुसऱ्या बाजूचे दुसऱ्या तारेवर टाकले. काकांनी विचारले, यात प्लस कोणता? पॉलिस्टरला प्लस-मायनस नसतो, हे त्यांना चमत्कारिक वाटले. वीज दिली. आकडा स्थिर झाला तो दशांशासह. पुढची दहा मिनिटे मी त्याच्याकडे नुसता पाहत बसलो होतो, कारण झोका वीस सेकंदांऐवजी पाच मिनिटांचाही असू शकतो, हे आता मला कळले होते. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि पाणी घालून त्यात सेन्सर बुडवला, तेव्हा सावकाश उतरत आकडा शून्य-दशांश-एकवर थांबला. ते सावकाशपण सेन्सरच्या स्टीलच्या नळीचे होते, फिल्टरला पुरता अर्धा सेकंदच लागत होता.

आठवड्याने काकांचा फोन आला. शेजारच्या टाकीवर दुसऱ्या बनावटीचा जुना कंट्रोलर होता, त्याचाही आकडा हलत होता, तेव्हा तिथेही तोच २२ किलोओहम आणि तेच पाच कपॅसिटर बसवू का, असे ते विचारत होते. या वेळी मी घाई केली नाही. त्यांना त्या कंट्रोलरचे जोडणीपत्रक शोधून वाचून दाखवायला सांगितले. त्यात इनपुटचा रोध १०० किलोओहम दिलेला होता. तो रोध आमच्या २२ किलोओहमसोबत व्होल्टेज वाटून घेणार, १२२ भागांतले १०० भागच आत पोहोचणार, आणि टाकीत ५ अंश असताना मीटर ४.१ दाखवणार. म्हणजे फिरून तोच एक अंश. त्यांना थांबायला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या तपकीर गल्लीत जाऊन १० मायक्रोफॅरडचे मोठे पॉलिस्टर कपॅसिटर शोधले. एका दुकानात चार मिळाले. १ किलोओहमच्या रेझिस्टरसोबत ते मी काकांना पार्सलने पाठवले. या वेळी आकृती कागदावर काढून आणि प्रत्येक भागापुढे त्याचा आकडा लिहून.