बालीत पिल्लू चावलं, त्यानंतर

उबुदच्या बाहेर एका होमस्टेमध्ये मी कामानिमित्त काही महिने राहत होते. बालीत रोज सकाळी दारात, पायरीवर, रस्त्याच्या कडेला पानाच्या छोट्या द्रोणात फुलं, चिमूटभर भात, कधी बिस्किट असा नैवेद्य ठेवतात. त्याला चनांग सारी म्हणतात. जमिनीवरचा नैवेद्य गल्लीतली कुत्री थोड्याच वेळात फस्त करतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. अशाच एका द्रोणावर ताव मारत असलेल्या पिल्लाजवळून मी निघाले आणि त्यानं माझ्या पोटरीला दात लावले. पिल्लू तीन-चार महिन्यांचं असेल. जखम किरकोळ दिसत होती, पण रक्त आलं होतं.

रक्त आलं की रेबीजवर उपचार घ्यायचे का, हा प्रश्न मिटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत धड कातडीवर नुसतं चाटणं पहिल्या प्रकारात, रक्त न येता उठलेला ओरखडा दुसऱ्या आणि कातडी फाटून दात आत गेले तर तिसऱ्या प्रकारात मोडतं. तिसऱ्या प्रकारात लस आणि सीरम दोन्ही लागतात.

आमच्या घरमालकिणीला सगळे ‘इबू’ म्हणत, मीही म्हणायचे. तिनं एका शब्दानं घाबरवलं नाही. पाय अंगणातल्या नळाखाली धरायला लावला, हातात साबण दिला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. पंधरा मिनिटं. वाहत्या पाण्याखाली साबण चोळत पंधरा मिनिटं काढणं किती लांबतं ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. पण रेबीजच्या विषाणूचं बाहेरचं आवरण स्निग्ध असतं, ते साबणानं फुटतं, म्हणून ही धुलाई अर्धा उपचार आहे. नंतर आयोडीन लावलं. पट्टी नाही. फोनवर आईनं हळद भरायला सांगितली, ती अर्थातच भरली नाही.

इबूची ही तयारी उगाच आलेली नव्हती. 2008 पर्यंत बालीत रेबीज नव्हताच. त्या वर्षी बेटाच्या दक्षिण टोकाच्या बुकित भागात तो सापडला आणि पुढच्या दोनेक वर्षांत सगळ्या जिल्ह्यांत पोचला. शंभराहून अधिक माणसं गेली. बाहेरून एखादं लागण झालेलं कुत्रं बोटीतून आलं असावं, असं मानतात. फ्लोरेस बेटावर 1997 मध्ये तसंच झालं होतं, तिथं सुलावेसीकडच्या बुटन बेटावरून कोळ्यांबरोबर आलेली कुत्री कारण ठरली. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला आठवडे, कधी महिने जातात. तोवर कुत्रं धडधाकट दिसतं आणि सहज समुद्र ओलांडतं.

मग पुस्केस्मास, म्हणजे तिथलं सरकारी आरोग्य केंद्र. लस लगेच मिळाली. माझ्या डोक्यात लहानपणी ऐकलेली पोटातली चौदा इंजेक्शनं होती. ती जुन्या, मेंदूच्या पेशींपासून केलेल्या लशीची गोष्ट. आताची लस दंडात देतात. आपल्याकडे दंडात घ्यायची तर सहसा 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी असे पाच डोस सांगतात. इंडोनेशियात पद्धत वेगळी: पहिल्या दिवशी दोन्ही दंडांत एकेक, मग सातव्या दिवशी एक आणि एकविसाव्या दिवशी एक. एकूण चार. दोन्ही पद्धती मान्यताप्राप्त आहेत, पण एक सुरू केली की तीच पुरी करायची, म्हणून परतीचं तिकीट नर्सनं आधी विचारलं.

सीरम मात्र तिथं नव्हतं. लस शरीराला स्वतःची प्रतिकारद्रव्यं बनवायला शिकवते, त्याला आठवडाभर तरी लागतो. मधल्या काळात सीरममधली तयार प्रतिकारद्रव्यं जखमेतच विषाणूला अडवतात. पहिल्या डोसनंतर सात दिवस उलटले की ते देण्यात अर्थ राहत नाही. त्यामुळे सीरम कुठं आहे याची फोनाफोनी झाली. एका ठिकाणी ‘आहे’ म्हणाले आणि गेल्यावर ‘संपलं’ म्हणाले. शेवटी देनपसारला एका मोठ्या रुग्णालयात मिळालं. वजनावरून मात्रा काढतात आणि जखमेच्या आत, भोवती टोचतात. पिल्लाच्या चाव्यापेक्षा हे कितीतरी जास्त दुखलं.

एवढं झालं तरी डॉक्टरांचा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येत होता: कुत्रं कुठंय? चावताना कुत्र्याच्या लाळेत विषाणू असेल, तर ते दहा दिवसांच्या आत आजारी पडतं किंवा मरतं. दहा दिवसांनी ते खातंपितं आणि ठणठणीत असेल, तर त्या चाव्यातून रेबीज झालेला नाही. म्हणजे ते पिल्लू डोळ्यांसमोर असणं ही एक तपासणीच होती, आणि तीही फुकट.

पण शेजारीण म्हणाली, पिल्लू आमचं नाही. इबूला खोटं लगेच कळलं. मला त्यामागचं कारण नंतर समजलं. साथीच्या सुरुवातीच्या काळात इथं विषारी आमिषं आणि विषाचे बाण वापरून कुत्री मोठ्या प्रमाणावर मारली गेली. लस टोचलेलीही त्यात गेली. लोक कुत्री लपवू लागले, दुसऱ्या गावी नेऊ लागले, मेलेल्याच्या जागी बिनलशीची नवी पिल्लं आणू लागले, आणि रोग पसरतच राहिला. 2010 पासून संपूर्ण बेटावर लसीकरण सुरू झालं, तेव्हा कुठं माणसांचे मृत्यू घटले. बालीतली बहुतेक कुत्री मोकाट फिरतात, तरी त्यांना घर आणि मालक असतो, म्हणून दारोदार जाऊन, जाळ्यानं पकडून त्यांना लस देता आली. टोचलेल्यांच्या गळ्यात लाल पट्टा बांधत. माझ्या पिल्लाच्या गळ्यात काही नव्हतं. लसीकरणाच्या दोन फेऱ्यांमध्ये जन्मलेली पिल्लं अशीच सुटून जातात. मला विचाराल तर शेजारणीचा नकार मला अगदी रास्त वाटला. कुत्रं दाखवलं तर मारतील, हे तिनं पाहिलेलं होतं.

शेवटी बंजारचे, म्हणजे वस्तीच्या मंडळाचे, प्रमुख आले. ते, इबू आणि शेजारीण ओसरीवर बराच वेळ बोलत बसले. मला त्यातलं फक्त ‘मारणार नाही’ एवढं भाषांतर करून सांगितलं गेलं. संध्याकाळी पिल्लू परसात बांबूच्या पिंजऱ्यात दिसलं. पशुवैद्यकीय खात्याचा माणूस येऊन बघून गेला, आणि रोज सकाळी इबू मला एका वाक्यात अहवाल द्यायची: खाल्लं, भुंकलं, पाणी प्यायलं. रेबीज झालेल्या कुत्र्याला गिळता येत नाही, म्हणून पाण्याची बातमी मला जास्त महत्त्वाची वाटायची.

मुदत संपली, पिल्लू ठणठणीत होतं आणि त्याला लसही मिळाली. डॉक्टर म्हणाले, शेवटचा डोस आता टाळला तरी चालेल. मी तो घेतला. डोस पूर्ण असतील तर पुढं कधी कुत्रं चावलं तरी सीरम लागत नाही, पहिल्या आणि तिसऱ्या दिवशीचे दोन डोस पुरतात. आणि सीरमसाठीची ती धावाधाव मला पुन्हा नको होती. फक्त हे सिद्ध करायला कार्ड लागतं. माझं पासपोर्टच्या कव्हरमध्ये आहे, आणि त्याचा फोटो फोनमध्ये.