धाब्यावर

मे महिन्यातली दुपार. जळगावात पारा ४५ ला टेकलेला, पंखा गरम हवा इकडची तिकडे करतोय आणि मी विजेच्या बिलाच्या कोऱ्या बाजूवर कामांची यादी करत बसलोय. तेवीस कामं झाली. पहिलं काम कूलरचं गवत बदलणे, कारण लिहायला बसलो तेव्हा समोर कूलरच होता. नववं, मावशीला तिने पाठवलेले बिबडे, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, पोहोचल्याचं कळवणे. ही ओळ मार्चपासून एका यादीतून दुसऱ्या यादीत बिऱ्हाड हलवतेय.

मुलगा पुण्याला असतो. त्याने मागे फोनवर चार चौकटींची युक्ती सांगितली होती: तातडीचं, महत्त्वाचं, दोन्ही, आणि दोन्ही नाही. तिला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचं नाव लावतात. १९५४ साली ते एका भाषणात म्हणाले होते की तातडीची कामं महत्त्वाची नसतात आणि महत्त्वाची कधी तातडीची नसतात. तेही कुठल्याशा माजी कॉलेज-अध्यक्षाचं वाक्य उसनं घेऊन. मी चौकटी आखल्या. सगळी कामं पहिल्याच चौकटीत जाऊन बसली, न मावलेली समासात लिहिली.

मोठ्या मायला लिहिता येत नव्हतं. बोरी नदीकाठच्या आमच्या गावी मातीच्या धाब्याचं, म्हणजे सपाट छताचं घर. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी बिबडे झालेच पाहिजेत. ज्वारी तीन दिवस भिजत, रोज पाणी बदललेलं. ठरल्या दिवशी पहाटे चुलीवर भलंमोठं पातेलं चढायचं. मीठ, जिरं, तीळ, लसूण, आणि तो रटरटणारा घाटा दोन्ही हातांनी ढवळणारी ती. खाली म्हैस हंबरतेय, ओट्यावर कुणी पाहुणा येऊन बसलाय, आबा चहासाठी खाकरतायत. तिचं लक्ष फक्त पूर्वेकडे.

"माय, आबांचा चहा राहिला," असं कुणी म्हटलंच, तर ढवळता ढवळताच उत्तर यायचं, "ऊन तुनी वाट दखी का?"

मग आबांनाही चहाऐवजी वाटीभर घाटाच मिळायचा, वर कच्चं तेल ओतलेला. आबा मुकाट खायचे. मला वाटतं, त्यांना तो चहापेक्षा आवडत असावा, पण खाकरायची सवय सुटली नाही.

बायका धाब्यावर ओली धोतरं अंथरायच्या आणि पाण्याच्या हाताने घाटा थापत जायच्या. आम्हा पोरांना कावळे हाकायला बसवलेलं. कावळ्यांपेक्षा आमचाच उपद्रव जास्त, कारण अर्धवट वाळलेला, कडेने कडक आणि मध्ये मऊ असा बिबडा ज्याने खाल्लाय त्यालाच त्याचा मोह कळेल. नीट वाळले की धोतर उलटं करून पाठीवर पाणी शिंपडायचं. बिबडा अलगद सुटायचा, त्याच्या अंगावर धोतराची वीण उमटलेली.

लोक एखादी गोष्ट 'धाब्यावर बसवली' असं रागाने म्हणतात. आमच्याकडे धाब्यावर बसवलेली गोष्ट संध्याकाळी कडक वाळून खाली यायची.

बिबड्यांची आठवण झाल्यावर यादीत जीव कशाला रमतोय? यादी हातात तशीच घेऊन उठलो. मावशीचा डबा काढला, कढई ठेवली, चार बिबडे तळले. तेल निथळायला कागद हवा होता. तो हातातच होता.

दोन खाल्ल्यावर खाली बघतो तर कागद तेलाने आरपार झालेला, आणि तेवीस कामांच्या मधून बिलाचे उलटे आकडे वर आलेले. पालटून नीट पाहिलं. भरायची शेवटची तारीख कालची होती. बिल भरणं यादीत नव्हतंच.

अजून दोन बिबडे उरले होते. ते आधी संपवले.