सॅडल बॅग: आधी बसवणूक, मग कुलूप

सोलापूरहून दुचाकीवर अक्कलकोट, तुळजापूर किंवा पंढरपूर गाठून संध्याकाळी घरी परतणे सहज जमते. अडचण प्रवासाची नसते, ती पोहोचल्यावर सुरू होते. कारण दर्शनाच्या रांगेत दोन-तीन तास जातात आणि तेवढा वेळ सामानाने भरलेली गाडी वाहनतळावर एकटी उभी असते. म्हणूनच सॅडल बॅग, म्हणजे सीटच्या दोन्ही बाजूंना लटकणारी सामानाची पिशवी, घेताना ती किती लिटरची आहे आणि पावसात भिजते का, एवढेच विचारून भागत नाही. ती गाडीच्या कोणत्या भागाला धरून राहते आणि तिला लावलेले कुलूप नेमके कशाला अडवते, हे आधी पाहावे, असे माझे मत आहे.

कापडी सॅडल बॅगेच्या दोन्ही बाजू सीटवरून जाणाऱ्या पट्ट्यांनी जोडलेल्या असतात आणि अनेक जण तेवढ्यावरच विसंबून निघतात. गतिरोधकांवर बॅग हळूहळू मागे-पुढे सरकते, डावीकडची चाकाकडे झुकते आणि उजवीकडची सायलेन्सरला टेकते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडेच असल्याने नायलॉनचे कापड वितळण्याचा प्रकार त्याच बाजूला घडतो. यावर खरा उपाय म्हणजे सॅडल स्टे, अर्थात बॅगेला आतून टेकू देणारी लोखंडी चौकट. आपल्या मॉडेलसाठी तयार मिळाली तर उत्तमच. नाहीतर चांगल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ती करून घेता येते. मात्र ती मूळ सांगाड्याला वेल्ड करू देऊ नये, शॉकअपच्या वरच्या आणि ग्रॅब रेलच्या (मागे बसणाऱ्याने धरायच्या दांडीच्या) मूळ बोल्टांच्या जागी बोल्टनेच बसवावी. वेल्डिंगचे काम चौकट गाडीवरून उतरवून करावे, म्हणजे इंधनाच्या इंजेक्शनच्या आणि एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) इलेक्ट्रॉनिक भागांना धोका राहत नाही. साध्या नटाऐवजी आत नायलॉनचे कडे असलेला नट वापरावा आणि पहिल्या मोठ्या फेरीनंतर सगळे बोल्ट पुन्हा पान्याने तपासावेत, कारण नवी चौकट थोडी बसते आणि तेव्हाच ती सैल होते.

चौकट बसवताना साडी गार्ड काढून टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारे संरक्षण दुचाकीला असावे लागते. मागे बसणाऱ्या व्यक्तीचा पदर किंवा ओढणी चाकात जाऊ नये, हा त्यामागचा उद्देश आहे. त्यामुळे गार्ड ठेवूनच चौकट बसत असेल तर तीच घ्यावी.

बॅग भरून बसवल्यावर दोन जणांना सीटवर बसवून गाडी खाली दाबून पाहावी. शॉकअप दबल्यावरही बॅग चाकाला लागत नाही, इंडिकेटर आणि नंबर प्लेट झाकली जात नाही आणि मागच्या चाकाकडे जाणारी एबीएसची वायर पट्ट्याखाली घासत नाही, हे तेव्हाच कळते. वजन दोन्ही बाजूंना सारखे आणि जड वस्तू तळाशी, शक्य तितक्या चालकाकडे ठेवाव्यात. एका बाजूला चादरी आणि दुसऱ्या बाजूला शेंगाचटणीची पाकिटे अशी विभागणी आपल्या शहरातून पाहुण्यांकडे निघालेले लोक प्रेमाने करतात, पण तुळजापूरच्या घाटातील वळणांवर ती गाडीला मानवत नाही. मागच्या चाकातील हवा भार लक्षात घेऊन, गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे वाढवावी.

आता कुलूप. कापडी बॅगेच्या चेनचे दोन रनर एकत्र आणून त्यांत छोटे कुलूप अडकवले की बॅग सुरक्षित झाली, असा समज आहे. प्रत्यक्षात बॉलपेनचे टोक खुपसले तरी चेनचे दात मध्येच उकलतात आणि नंतर तेच रनर फिरवून चेन पूर्ववत दिसेल अशी बंदही करता येते. हे कुलूप जाता-येता हात घालणाऱ्याला थांबवते, ठरवून आलेल्याला नाही. तरीही ते लावावे. त्याच्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे अख्खी बॅग उचलून नेता येऊ नये. पट्टा ब्लेडने क्षणात कापला जातो, म्हणून प्लॅस्टिकचे वेष्टण असलेली पोलादी तार बॅगेच्या मुठीतून किंवा शिवलेल्या कडीतून आणि पुढे चौकटीच्या बंद कोपऱ्यातून ओवून तिला कुलूप लावावे. नुसत्या ग्रॅब रेलला ती अडकवण्यात अर्थ नाही. ही रेल अनेकदा मोजक्या बोल्टांवर उभी असते. निघताना तार सोडून बॅगेच्या आत ठेवावी, लोंबती राहिली तर चाकात जाते.

कापडी बॅगेऐवजी प्लॅस्टिकची किंवा धातूची कडक पेटी बसवली तर तिला दोन कुलपे लागतात, झाकणाचे आणि पेटी चौकटीला धरून ठेवणारे. विकत घेताना बहुतेक जण पहिलेच पाहतात. दुसऱ्याची खिट्टी बाहेरून, किल्लीशिवाय उघडत असेल तर भक्कम झाकणाचा उपयोग शून्य, कारण चोर पेटी घरी नेऊन निवांत उघडेल. दोन्ही पेट्यांची सगळी कुलपे एकाच किल्लीने उघडणारी घ्यावीत. कुलपावर रबरी झाकण असावे आणि आत तेल न सोडता ग्रॅफाइटची भुकटी घालावी, कारण आपल्याकडची बारीक धूळ तेलाला चिकटून कुलूप जाम करते. जादा किल्ली घरी ठेवावी. ती त्याच पेटीत ठेवणारे लोकही भेटतात.

यावरून काय मागे ठेवायचे हेही ठरते. कपडे, रेनकोट आणि हत्यारांचा संच बॅगेत राहू द्यावा. रोकड आणि मोबाइल अंगावर असावेत. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात उभ्या गाडीच्या बंद पेटीत तापमान त्याहून बरेच चढते, तेव्हा पॉवर बँक, औषधे आणि सुगंधाचा फवारा कुलूप कितीही चांगले असले तरी खांद्यावरच्या पिशवीतच न्यावा.