चुकलेली मेंढी चरत नाही

आज संध्याकाळी सासवडजवळ आमच्या रानात उतरलेल्या धनगरांच्या वाड्यावर गेले होते. लेंडीखतासाठी मेंढ्या बसवल्यात.

दिवस मावळताना कळप चरून आला, वाड्यावरच्या मावशींनी वाघर (कोकरांभोवतीचं जाळीचं कुंपण) उचलली आणि कोकरं सुटली. काय कालवा उठला! एका काळ्या तोंडाच्या कोकरानं भलत्याच मेंढीला तोंड लावलं. तिनं हुंगलं आणि डोक्यानं सरळ बाजूला ढकललं. पण थोड्याच वेळात जो तो आपापल्या आईपाशी, गुडघे टेकून, शेपूट हलवत. लांबून आवाजावर, जवळ आल्यावर वासावर ओळख पटते.

"एखादी चुकली तर?" मी मावशींना विचारलं.

"चुकलेली चरत न्हाई वो ताई. नुसती वरडत ऱ्हाती."

केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेतल्या संशोधकांना २००४ साली असंच काहीसं दिसलं होतं. अंधाऱ्या खोलीत एकट्या ठेवलेल्या मेंढीला दुसऱ्या मेंढीच्या चेहऱ्याचा फोटो दाखवला, की तिचं ओरडणं कमी व्हायचं, हृदयाचे ठोकेही उतरायचे. बकरीच्या फोटोनं तेवढा फरक पडत नसे. नुसता फोटो, तरी एवढा आधार!

घरी येताना सारख्या आमच्या बिल्डिंगमधल्या आजी डोळ्यांसमोर येत होत्या. आजोबा गेल्यापासून त्या एकट्याच जेवतात, म्हणजे जेवत नाहीतच. "भूक नाही गं" म्हणतात. आपण डबा पाठवतो आणि काम झालं असं समजतो. त्यांना डबा नकोय, समोर बसणारं माणूस हवंय, हे मला आज पक्कं पटलं. उद्यापासून त्यांचं रात्रीचं पान आमच्याकडे. उद्या पिठलं-भाकरी आहे, बिल्डिंगमधल्या कुणाला यायचं असेल तर आठपर्यंत या.